मवाळ काठीची निवड

क्रँकबेट हे लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे, पोट फुगलेल्या मासोळीच्या घाटाचे आमिष असते. तोंडाशी पुढे आलेली एक पातळ पट्टी आणि पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ, एवढाच त्याचा संसार. सोडून दिले तर ते बहुधा तरंगत राहते. ओढले की पट्टीवर पाणी आपटून बुडी मारते आणि अंग घुसळत चालू लागते. पट्टी लांब आणि अंगाच्या रेषेत असेल तर खोल जाते, आखूड आणि खाली वळलेली असेल तर वरवर फिरते. ते वापरायच्या रीती दोन. हाताने दूर फेकून रिळावर गुंडाळत आणणे ही कास्टिंगची, आणि चालत्या बोटीमागे ओढत नेणे ही ट्रोलिंगची. या कामाला रॉड कोणता घ्यावा यावर अमेरिकेतल्या सरोवरांकाठी जेवढा खल होतो, तेवढा मासा कसा शिजवावा यावर होत नाही.

रॉडची कुंडली मुठीच्या थोडी वर बारीक अक्षरांत छापलेली असते : लांबी, ताकद, ॲक्शन, लाइन किती पौंडांची आणि आमिष किती औंसांचे. यातल्या ताकद आणि ॲक्शन या दोन गोष्टींची गल्लत नवखे करतात आणि जुने लोक ती ठामपणे करतात. ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड फक्त शेंड्याकडे वाकतो, मॉडरेट ॲक्शनचा निम्म्यापर्यंत. दुकानात मात्र परीक्षेची एकच पद्धत रूढ आहे. गिऱ्हाईक रॉड हवेत दोनदा झटकते, एक डोळा मिटून शेंड्याकडे पाहते आणि ‘हं’ म्हणते. या परीक्षेत गिऱ्हाइकाचे मनगट कसे आहे ते कळते. रॉड कसा आहे हे पाहायचे तर कड्यांतून लाइन ओवून तिचे टोक दुसऱ्याच्या हाती द्यावे, त्याला सावकाश ओढायला सांगावे आणि बाक कुठे पडतो ते बघावे. दुसरा म्हणजे बहुधा दुकानदारच; तोवर त्याच्या चेहऱ्याकडे बघू नये.

क्रँकबेटला मवाळ रॉड लागतो, जहाल चालत नाही. त्याचे कारण त्या तीनकाटी गळांत आहे. त्यांच्या काट्यांची तार बारीक असते. ते थोड्या दाबाने रुततात आणि जास्त दाबाने तोंड फाडून सुटतात. बास मासा आमिष पाण्यासकट तोंडात ओढून घेतो. रॉड ताठ असला की धक्का जाणवताच हात झटका देतो आणि मासा तोंड मिटण्याआधीच आमिष बाहेर येते. निम्म्यापर्यंत वाकणारा रॉड हा झटका स्वतः गिळतो आणि माशाला घास पुरा करू देतो. पुढे मासा बोटीजवळ येऊन उसळतो तेव्हाही तोच रॉड लाइन सैल पडू देत नाही. बासमास्टर क्लासिक ही स्पर्धा चार वेळा जिंकणारे रिक क्लन क्रँकबेटसाठी फायबरग्लासच्या रॉडचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जातात. तरीही दुकानात ‘मऊ दाखवा’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ताठ रॉड हातात घेतला की माणसाला आपण मोठा मासा धरणार असे वाटते, आणि मऊ रॉड घेतला की कोणीतरी आपल्याला गंडवले असे वाटते.

पोताचा प्रश्न यातूनच निघतो. फायबरग्लास मुळात सावकाश वाकते, दणकट असते आणि स्वस्त पडते. पण ते जड असते. ग्रॅफाइट हलके आणि संवेदनशील असते. आमिष खडकाला घासले की लाकडाला, हेही ते हाताला सांगते. पण त्याचा कल ताठपणाकडे. दिवसभर फेकत राहायचे असेल तर वजन खांद्याला कळते. म्हणून कास्टिंगसाठी दोन्हींच्या मिश्रणाचा रॉड हा बरा तोडगा. लांबी साधारण ७ फूट. खोल जाणाऱ्या मोठ्या आमिषांना साडेसात-आठ फूट, कारण फेक लांब गेली की आमिषाला खोली गाठायला आणि तिथे टिकायला अंतर मिळते.

ट्रोलिंगमध्ये हे सगळे हिशेब बदलतात, कारण तिथे रॉड माणसाच्या हातात नसतो, बोटीच्या काठावरच्या होल्डरमध्ये असतो. होल्डर वजनाची तक्रार करत नाही, त्यामुळे फायबरग्लास निर्धास्त घ्यावे. या विद्येचे माहेरघर म्हणजे वॉलाय माशासाठी प्रसिद्ध असलेले एरी सरोवर. तिथल्या पोर्ट क्लिंटन गावात नववर्षाच्या मध्यरात्री एक भलामोठा वॉलाय क्रेनने खाली उतरवतात आणि लोक टाळ्या वाजवतात. तो मासाही फायबरग्लासचाच आहे.

इथे बोट ताशी दोन मैलांच्या आसपास रखडत चालते आणि रॉड साधारण साडेआठ फुटांचे असतात. प्लेनर बोर्ड नावाची फळी लाइनला बोटीपासून बाजूला नेते, म्हणून एकाच बोटीतून अनेक आमिषे एकमेकांत न गुंतता चालतात. पाण्यात ओढ घेणारी डायव्हर तबकडी लावायची असेल तर रॉड जास्त ताकदीचा लागतो. रिळाला लाइन मोजणारा आकडा असावा, कारण आमिषाची खोली सोडलेल्या लाइनवर ठरते आणि मासा ज्या खोलीवर लागला ती पुन्हा गाठावी लागते.

रॉडचा शेंडा मऊ हवा, कारण ट्रोलिंगमध्ये बातमी तोच देतो. आमिष नीट चालत असताना तो बारीक, एकसारखा थरथरत असतो. थरथर थांबली की काट्यांत शेवाळ किंवा गवत अडकले असे समजावे. ही बातमी वाचता यावी म्हणून जाणकार एकाच जातीचे रॉड जोडीने घेतात. सगळे सारखे वाकलेले असताना एखादा वेगळा वाकला तर लगेच डोळ्यांत भरतो. दुकानात एक रॉड घ्यायला गेलेला माणूस चार घेऊन येतो, त्यामागे असे शास्त्र आहे. घरी मात्र हे शास्त्र सहसा ग्राह्य धरले जात नाही.

कोकणच्या खाडीत जिताड्यासाठी किंवा समुद्रात सुरमईसाठी हीच आमिषे वापरणाऱ्यांनी वरचा हिशेब एक पायरी चढवून घ्यावा : गळ जाड, रॉड अधिक ताकदीचा आणि घरी आल्यावर कडी-रीळ गोड्या पाण्याने धुणे.

गोड्या पाण्यात दोन्ही कामांना मिळून एकच रॉड घ्यायचा असेल, तर ७ ते साडेसात फुटी, मीडियम ताकदीचा, मॉडरेट ॲक्शनचा, मिश्र पोताचा कास्टिंग रॉड घ्यावा. तो ट्रोलिंगला थोडा आखूड पडेल, पण चालेल. साडेआठ फुटी ट्रोलिंग रॉड दिवसभर फेकायला घेतला तर संध्याकाळी हात चालणार नाही. उरलेले पैसे क्रँकबेटवर खर्च करावेत. रॉड वर्षानुवर्षे टिकतो. क्रँकबेट बुडालेल्या झाडाच्या फांदीत अडकले की तिथेच राहते.