गड चढावा भरल्या पोटी

दौलताबादला गेलेला माणूस चांद मिनारपुढे फोटो काढतो, भारतमातेच्या देवळात खांब मोजायला घेतो, विसाव्याला कंटाळतो आणि मान वर करून म्हणतो, ‘एवढा किल्ला पडलाच कसा?’ प्रश्न रास्त आहे. यादवांच्या पाचव्या भिल्लमाने ११८७च्या सुमारास राजधानी केलेला हा देवगिरी. डोंगराचा कडा असा सरळ तासलेला, की पालही घसरावी. भोवती खंदक आणि वर जायची वाट ‘अंधारी’तून: मिट्ट काळोख, फसवी वळणं, शिवाय शेगडी पेटवून शत्रूला धुरी द्यायची सोय. हल्ली ते काम वटवाघळं फुकटात करतात. आमच्यासारख्या गुडघेदुख्या शत्रूंसाठी तर एवढा खर्चही नको होता, पायऱ्या पुरल्या असत्या.

माझं म्हणणं इतकंच, की हा गड हरला तो पोटामुळे. १२९६मध्ये अलाउद्दीन खलजी अचानक येऊन धडकला, तेव्हा यादव राजा रामदेवरायाची फौज युवराज शंकरदेवाबरोबर दूर होती. घाईघाईने पोती वर चढवली गेली. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, ती कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची होती. धान्याची समजून नेली आणि ऐन वेढ्यात तोंडं सोडली तर आत मीठ! ज्या दरबारात हेमाद्रीने कुठल्या व्रताला काय दान द्यावं याचा भलाथोरला ग्रंथ सिद्ध केला, तिथे पोत्यात बोट घालून चाखायला कुणाला सवड झाली नाही. आधी ‘आपल्याकडे सगळं आहे’ म्हणणारा कोठीवाला नंतर कुठल्या बुरुजाआड लपला असेल, हे मला फार छळतं. पण गडावर धावत आलेल्या बायाबापड्यांनी त्या रात्री पोरांपुढे काय ठेवलं असेल, ते फिरिश्ता सांगत नाही, आणि तिथे माझं हसू आटतं.

कुणी म्हणेल, फिरिश्ता तीनशे वर्षांनी लिहितो, पदरचं मीठही घालत असेल. असेल. कुणी म्हणेल, खरा पराभव मैदानात झाला. परतलेल्या शंकरदेवाची फौज शत्रूची राखीव तुकडी पाहून, दिल्लीचं मोठं सैन्य आलं समजून उधळली. हेही खरं, पण त्याने कडा बुटका झाला नव्हता. दाणे असते तर दार बंद ठेवून बसता आलं असतं. शिवाय १६३३ बघा: मोगलांच्या महाबतखानाने वेढा घातला, आत उपासमार झाली आणि मलिक अंबरच्या मुलाने, फत्तेखानाने, गड देऊन टाकला. कडा मात्र तोच. मधल्या काळात, १३२७मध्ये, महंमद तुघलकाने दिल्लीचे मानकरी इथे आणून वसवले, तेही बहुधा या कड्यावर भाळूनच. त्याच्याच अमदानीत आलेला इब्न बतूता इथल्या कैदखान्यातल्या उंदरांबद्दल लिहून गेलाय: मांजरांहून मोठे, आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात. राजधानीत नियमित जेवणारं कुणीतरी होतं तर!