लीगमध्ये आपण अजून अजिंक्य

हंगामाच्या सुरुवातीला आपल्या संघाचे प्रगतिपुस्तक मांडायचे, ही या सदराची जुनी खोड. यंदा ते मांडताना ऊर भरून येतो. इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवाची कामगिरी निव्वळ निर्दोष आहे. एकही पराभव नाही, एकही गोल खाल्लेला नाही. बचावफळीने डुलकी काढली नाही, गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला नाही, पंचांनी आपल्यावर एकदाही अन्याय केला नाही. गुणतक्त्यात आपण पहिले आहोत. इतर सगळे संघही पहिलेच आहेत, पण तपशिलात कशाला शिरा? सामने शून्य, पराभव शून्य. २०२५ चा डिसेंबर अर्धा सरला, आणि सप्टेंबरात सुरू होणारी लीग अजून सुरू झालेली नाही.

कारण अगदी साधे आहे. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी दिले. वर्षाला ५० कोटी रुपये, आणि मुदत ८ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे मुलीच्या लग्नाची तारीख पंधरा वर्षे आधी पक्की, पत्रिकेवर छापलेली, आणि मांडववाल्याला सांगायचे तेवढे राहून गेले. लीग चालवणाऱ्या कंपनीने जुलैत पत्र पाठवले की, करार हंगामाच्या मधेच संपतोय, तेव्हा सध्या थांबा. महासंघ म्हणाला, आमच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, तोवर नवा करार करता येत नाही. सप्टेंबरात निकाल आला. ऑक्टोबरात टेंडर निघाले. ७ नोव्हेंबरला मुदत संपली तेव्हा पेटीत किती निविदा होत्या? आपल्या लीगमधल्या पराभवांइतक्याच.

या सगळ्यात चाहत्याचे काय झाले, ते कुणी विचारत नाही. फातोर्ड्याच्या स्टेडियमबाहेर रोस-ऑम्लेटच्या गाड्यावर पूर्वी डावा बचावपटू वर इतका का चढतो, यावरून बशा आपटल्या जायच्या. परवा तिथेच ऐकलेला संवाद असा :

‘पात्रांव, वर्षाला साडेसदतीस कोटींची हमी कोण देणार?’

‘नुसती हमी नव्हे बाब, हमी किंवा ढोबळ उत्पन्नाचे पाच टक्के, यातले जे जास्त ते.’

‘मग प्री-बिडच्या वेळी शंका विचारायच्या होत्या!’

ज्या माणसाला पंधरा वर्षे समजावूनही ऑफसाइड कळला नाही, तो आता ‘मास्टर राइट्स अ‍ॅग्रीमेंट’ची कलमे तोंडपाठ म्हणतो. हे शिक्षण काही आम्ही मागितले नव्हते. चाहत्याचे मूळ काम कुरकुर करणे. त्यासाठी तो तिकीट काढतो, त्यासाठीच घामाने भिजलेली जर्सी दुसऱ्या दिवशी धुवायला टाकत नाही. गेल्या मोसमात आपण लीगमध्ये दुसरे आलो, उपांत्य फेरीत बेंगळुरूला इथे हरवले, तरी भरपाई वेळेत सुनील छेत्रीने डोके घातले आणि एकूण गोलसंख्येवर बाहेर गेलो. आहाहा! त्या एका हेडरवर अख्खा पावसाळा निघाला. २०१५ ची अंतिम फेरी तर अजून पुरते आहे. २० डिसेंबर, हेच मैदान, ८७व्या मिनिटाला आपण २-१ने पुढे, आणि सामना संपला तेव्हा चेन्नई ३-२. येत्या शनिवारी त्याला दहा वर्षे होतील. अशी पुंजी जवळ असलेल्या प्रेक्षकाला यंदा लीगने एक साधा चुकीचा थ्रो-इनसुद्धा दिलेला नाही.

कोविडच्या दोन मोसमांत सगळी लीग गोव्यातच झाली होती. मैदाने भरलेली आणि गॅलऱ्या रिकाम्या. आता गॅलरी तयार आहे, मैदानावर कुणी येईना. महासंघाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमवायच्या नाहीत असा काही ठराव झाला असेल, तर तो जाहीर करावा.

आता लीगबाहेरची कामगिरी. इथे मात्र समीक्षकाला थोडी हाडे चघळायला मिळतात. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला आपण २-१ने हरवले, द्राझिच आणि सिवेरिओचे गोल, आणि एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या गटात गेलो. सोडत निघाली आणि समोर आला अल नासर. म्हणजे रोनाल्डो. म्हणजे फातोर्ड्यात. त्यानंतरचे दोन महिने मडगावात कुणी दुसरे बोलल्याचे मला आठवत नाही. ज्यांनी आयुष्यात स्टेडियमचे तोंड पाहिले नाही अशा नातेवाइकांचे फोन येऊ लागले, ‘तुझी क्लबात ओळख आहे ना?’

२२ ऑक्टोबरला अल नासर आला. प्रशिक्षक जॉर्ज जेझुस आला, ज्वांव फेलिक्स आला. रोनाल्डो आला नाही. साडेचारशे वर्षे पोर्तुगीज न बोलावता आले आणि ‘जा’ म्हटले तरी हलले नाहीत. आयुष्यात एकाला मनापासून बोलावले, तर तो घरी राहिला. इतिहासाची ही खोडी मला सामन्यापेक्षा जास्त लागली. एका पठ्ठ्याने कुंपण ओलांडून फेलिक्सबरोबर सेल्फी घेण्याचा उद्योग केला. मिळेल तो पोर्तुगीज गोड मानायचा.

सामना मात्र खरोखर चांगला झाला, हे उपहासाच्या सदरातही लिहिले पाहिजे. अर्ध्या तासात दोन गोल खाल्ल्यावर आता टोपलीभर बसणार, असे वाटत असताना ब्रायसन फर्नांडिसने एक फेडला. आपला, गोव्याचा पोरगा. अब्जाधीश संघाविरुद्ध १-२. पुढे रियाधला ०-४ झाले, ते आपण पाहिलेच नाही असे धरू. गटातले पाच सामने, पाच पराभव. बगदादचा अल झावरा, ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल, सगळ्यांनी यथाशक्ती हातभार लावला. यावर तज्ज्ञ म्हणतात, संघाला सामन्यांचा सराव नाही. सराव कसा असेल? आशियात खेळायचे तर क्लबने मोसमात किमान चोवीस सामने खेळलेले असावेत, असा आशियाई महासंघाचा दंडक. लीगने त्यातले आजवर किती दिले, ते वर सांगितलेच.

मानोलो मार्केझ यांच्याबद्दल मात्र एक शब्द वाकडा काढणार नाही. गेल्या मोसमात हा गृहस्थ आपला आणि देशाचा, दोघांचा एकाच वेळी प्रशिक्षक होता. आपण दुसरे आलो आणि सुपर कप जिंकला. देशाला आठ सामन्यांत एक विजय मिळाला. यावरून त्यांची निष्ठा कुठे होती, हे कळतेच. त्यांनी देशाचे पद सोडल्यावर महासंघाकडे १७० अर्ज आले. त्यात म्हणे शावी आणि पेप गार्डिओलाच्या नावाचे ईमेलही होते. शावी परवडणार नाही, अशी चर्चा रंगली. मग खुलासा झाला की ते ईमेल खरे नव्हते. मला यात काही विनोदी वाटत नाही. जिथे लीगच खरी आहे की नाही ठरत नाही, तिथे ईमेलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

विजेतेपदांचीही तीच गत. आय-लीगचा चषक एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सला मिळाला, म्हणजे गोव्यात आला. जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने सांगितले की विजेता इंटर काशी. तेव्हापासून गोव्यातला जाणता चाहता चषकाबरोबर फोटो काढण्याआधी अपिलाची मुदत संपली का, ते विचारतो.

म्हणूनच ७ डिसेंबरची रात्र आम्ही जरा बिचकतच साजरी केली. सुपर कपची अंतिम फेरी, घरचे मैदान, समोर ईस्ट बंगाल. एकशे वीस मिनिटे गोल नाही. पेनल्टींवर ६-५. तीनदा सुपर कप जिंकणारा पहिला संघ, लागोपाठ दोनदा जिंकणारा पहिला संघ. फटाके वाजले, गाड्यांचे हॉर्न वाजले, आणि मध्यरात्र उलटून ८ डिसेंबर लागला. वर सांगितलेला तोच ८ डिसेंबर. देशातल्या अव्वल क्लबने चषक उंचावला आणि दुसऱ्या दिवशी देशातल्या अव्वल लीगचा करार संपला. चषकाबरोबर पुन्हा आशियाचे तिकीट मिळाले आहे. तिथे पुन्हा चोवीस सामन्यांचा प्रश्न येईल. तोवर कुणीतरी टेंडर भरेल, अशी आशा.

पैसा नाही, प्रेक्षक नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. त्याच आठवड्यात मेस्सी भारतात आला होता. कोलकात्यात हजारो रुपयांची तिकिटे काढून लोक गेले, पुढाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या गराड्यात मेस्सी दिसलाच नाही, म्हणून खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या. वानखेडेवर सगळे यथासांग पार पडले. सचिनने जर्सी दिली, मुख्यमंत्री होते, सुनील छेत्रीही होता. फिफा क्रमवारीत तेव्हा १४२व्या क्रमांकावर असलेल्या देशाने फुटबॉल न खेळता फुटबॉलचा एवढा मोठा सोहळा करून दाखवला. महासंघाने यातून बोध घ्यावा. चौदा संघ, मैदाने, पंच, दूरचित्रवाणीचे हक्क, एवढा व्याप हवाच कशाला? प्रत्येक शहरात वर्षातून एकदा कुणीतरी मोठा माणूस आणून हात हलवायला लावावा. पदावनती नाही, पेनल्टी नाही आणि सर्वोच्च न्यायालयही नाही.

तर मूल्यमापन असे : गोलरक्षण उत्तम, मधली फळी मेहनती, आक्रमणाला एक धारदार नववा क्रमांक हवा, आणि व्यवस्थापनाने जानेवारीत परदेशी खेळाडू घ्यायचा तर तो कोणत्या स्पर्धेसाठी घेतोय, ते आधी शोधून काढावे. इस्तिक्लोलशी परतीचा सामना २४ तारखेला, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी आहे. गटात आपले काहीच उरलेले नाही. घरी नेवऱ्या तळायला हात हवा आहे, असा निरोप मला दोनदा मिळाला आहे. तरी मी तिकीट काढले आहे. डाव्या बचावपटूला नव्वद मिनिटे बिनदिक्कत शिव्या द्यायची संधी यंदा पुन्हा कधी मिळेल, हे महासंघालाही सांगता येत नाही.