नांगर टाकलेला कॅप्टन

बेळगुंदीच्या पारावर संध्याकाळी लांबून पांढरी टोपी दिसली, तर गांधी टोपी समजून फसू नका. जवळ गेल्यावर तिला पुढं काळी चोच दिसेल आणि चोचीच्या वर सोनेरी दोऱ्यानं विणलेला नांगर. टोपीखालचा माणूस आमचा कॅप्टन. चार एकर रान, दोन म्हशी, भावाच्या वाटणीतला अर्धा ट्रॅक्टर आणि एकूण चार तासांचा समुद्रप्रवास, एवढी त्यांची इस्टेट. रान, म्हशी आणि अर्धे ट्रॅक्टर गावात पुष्कळांकडं आहेत. ते चार तास असे जपून कुणीच ठेवलेले नाहीत.

प्रत्येक गावात एकदाच जाऊन आलेला एक माणूस असतो. कुणी काशीला जाऊन आलेला, कुणी मुंबईत शूटिंग बघून आलेला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत राहून आलेला. वरचेवर जाणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. आमच्याकडं भाजीची गाडी घेऊन आठवड्यातनं तीनदा चोर्ला घाट उतरणारी पोरं आहेत. गोवा म्हटलं की ती हमाली आणि डिझेलचा दर सांगतात. एकदाच गेलेल्याचं तसं नसतं. त्याचं भांडवल थोडं, म्हणून तो ते जपून वापरतो, पुरवून वापरतो, लागेल तसं पाणी घालून वापरतो. कॅप्टनच्या भांडवलात तर मुळातच पाणी फार.

घडलं ते असं. त्या वर्षी रताळ्याला दर बरा लागला. बेळगावच्या पश्चिमेला आमच्या तांबड्या मातीत रताळी चांगली धरतात, त्यामुळं लोकांच्या उपवासावर आमची पोटं चालतात. कॅप्टनचा भाचा पणजीत कामाला. मे महिन्यात त्याचा फोन आला, "मामा, याट एक दिवस मोकळी हाय. कमी भाड्यात मिळंल. प्रायव्हेट."

"याट" हा शब्द पारावर पहिल्यांदा पडला तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "घाट का?"

कॅप्टन म्हणाले, "घाट उतरल्यावर याट."

प्रायव्हेट मात्र सगळ्यांना समजलं. आमच्याकडं जे सरकारी नाही ते प्रायव्हेट. प्रायव्हेट दवाखाना, प्रायव्हेट क्लास, आणि लाल बस चुकली की प्रायव्हेट जीप, म्हणजे वडाप. जगात खासगी याटीवर दोन माणसं आणि बर्फातली एक बाटली जाते म्हणतात. आमच्या याटीवर चौदा माणसं चढली. माणशी वर्गणी, दोन डबे भाकरी, लसणाची चटणी, वर दोन किलो कुंदा. मी गावचा मास्तर म्हणून हिशेब लिहायला बरोबर. सुटताना कॅप्टननी भाच्याला एकच प्रश्न विचारला, "मधी कुठं अजून माणसं भरत न्हाई न्हवं?"

याट मांडवीतून निघाली. काठावरच्या इमारती मागं सरकू लागल्या, कॅप्टनचं लक्ष मात्र पाण्यावर. थोड्या वेळानं ते तांडेलाला म्हणाले, "हे पाणी आमचं हाय, बरं का."

ते खोटं नव्हतं. मांडवी म्हणजे आमची म्हादई. ती उगम पावते खानापूर तालुक्यात, आमच्या शेजारात, आणि गोव्यात गेल्यावर नाव बदलते. येताना कणकुंबीला कळसा कालव्याची जागा लागते तिथं आमची गाडी खास थांबली होती आणि चौदाही माणसांनी म्हादईच्या पाण्याच्या वादावर मत दिलं होतं. तांडेल अस्सल गोंयकार. त्यानं सुकाणू सोडलं नाही, पण आवाज चढवला, "उदक गोंयचें, भाऊ!" २०१८ साली लवादानं कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांना पाण्याचे वाटे घालून दिले, तरी भांडण मिटलेलं नाही, ते याटीवर काय मिटणार? शेवटी भाच्यानं मधे कुंदा ठेवला. लवादाला हे सुचलं नव्हतं.

वातावरण निवळावं म्हणून मी माहिती पुरवली, की यॉट हा शब्द मूळ डच, शिकार या अर्थाच्या शब्दावरून आलेला. पाठलागाला बांधलेली ती वेगवान बोट.

"मग आज शिकार कुणाची?" कॅप्टननी विचारलं.

"वर्गणी काढली त्यांची," मागून कुणीतरी म्हणालं.

आग्वादचा किल्ला मागं पडला आणि मोकळा समुद्र लागला. तिथं कॅप्टननी तांडेलाला विचारलं, "आता कर्नाटक कुठं ऱ्हायलं?" त्यानं दक्षिणेला हात केला. "आणि महाराष्ट्र?" त्यानं उत्तरेला हात केला. कॅप्टन दोन्हीकडं बघून सुस्कारा टाकत म्हणाले, "म्हंजे हितंबी आमी मधीच."

आमच्या भागातल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. १९५६ पासून आम्ही मधेच आहोत. पण त्या वाक्यावर कुणी गंभीर होण्याआधी पहिली मोठी लाट आली, आणि पुढचा तासभर सीमाप्रश्न, पाणीप्रश्न आणि भाकरी यांतलं काहीही कुणाच्या पोटात राहिलं नाही. कॅप्टन कठड्याला धरून बराच वेळ खाली वाकलेले होते. गावात आजही ते सांगतात, "मी मासे बघत हुतो." आणि आतून काकूंचा आवाज येतो, "ह्येनी मासे बघत न्हवते. मासेच ह्येना बघत हुते."

वास्कोच्या बाजूला समुद्रात ग्रँड आयलंड म्हणून बेट आहे. रस्ता नाही, बसचा थांबा नाही, जायचं ते बोटीनंच. त्याच्या कुशीत एक लहानशी पुळण. तिच्यासमोर आल्यावर तांडेल ओरडला, "नांगर टाक!"

कॅप्टन दचकले. शेतकऱ्याच्या कानाला हे दोन शब्द अशुभ. आमच्यात नांगर टाकला म्हणजे शेती बुडाली, पोरगा एमआयडीसीत गेला. त्यांनी आधी काठाकडं पाहिलं, मग पाण्याकडं, आणि हळूच विचारलं, "हितं कुणाचं रान हाय?" साखळीला बांधलेला लोखंडी आकडा खळाखळा पाण्यात गेला तेव्हा त्यांना उलगडा झाला. आमचा नांगर जमिनीत शिरला की काम सुरू होतं, यांचा शिरला की काम थांबतं. परतताना घाटात ते मला म्हणाले, "मास्तर, एकाच शब्दाला दोन धंदे लावलेत, सांगायचं तरी हुतं शाळेत."

याट काठाला लागत नाही, तिच्या पोटाखाली पाणी खोल लागतं, हेही तिथंच कळलं. काठापर्यंत न्यायला लहान होडी, आणि होडीतून शेवटची दहा पावलं मांडीभर पाण्यातून. कॅप्टनना पोहता येत नाही. ते भाच्याच्या पाठीवर बसले, डोक्यावर उरलेल्या कुंद्याचा डबा धरला, आणि बेळगुंदीच्या इतिहासातलं पहिलं पाऊल त्या बेटावर पडलं. पाऊल भाच्याचं होतं, पण इतिहासात एवढं बारीक कोण बघतं?

निर्जन पुळण. माणूस नाही, काणूस नाही. मऊ वाळू, मागं हिरवी झाडी, समोर निळंशार पाणी. कॅप्टननी सगळीकडं नजर फिरवली आणि पहिला प्रश्न विचारला, "चहा कुठं मिळतो?" मिळत नाही म्हटल्यावर म्हणाले, "एवढं पाणी, आणि चहाला थेंब न्हाई!" मग त्यांनी वाळूत बोटं खुपसली, मूठभर उचलली, हुंगली आणि निकाल दिला, "हितं रताळं येणार न्हाई." वीस मिनिटांत त्यांचा परदेश पाहून झाला. त्या वीस मिनिटांत भाच्यानं स्वतःची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवून एक फोटो काढला. उतरताना टोपी परत द्यायची राहून गेली. भाच्यानं तीनदा आठवण केली, तिन्ही वेळा ती राहूनच गेली.

तो फोटो आता देवघराशेजारी, वडील-आजोबांच्या रांगेत आहे. कॅप्टन हयात आहेत, म्हणून त्याला हार तेवढा नाही. आणि गावच्या मराठीत समुद्र शिरला आहे. पंगतीत वाढपी उलट्या बाजूनं आला की "सुकाणू फिरव". म्हैस वाटेत बसली की "नांगर टाकला बघ हिनं". आणि १ जून उजाडला की कॅप्टन पारावर जाहीर करतात, "आजपास्नं समुद्र बंद." पश्चिम किनाऱ्यावर ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, ती त्यांना पाठ. गावात कुणाचं त्यावाचून अडलेलं नसतं. पण ही घोषणा झाली की लोक रताळ्याच्या वेलांची चौकशी सुरू करतात, एवढा तिचा उपयोग.

गावाजवळच राकसकोपचा जलाशय आहे, बेळगावला पाणी पाजणारा. तो भरला की पेपरात पातळी येते, २४७५ फूट, समुद्रसपाटीपासून. कॅप्टननी ते वाचून सांगितलं, "समुद्र आमच्याखाली २४७५ फूट हाय. लोक उगंच त्येला मोठा म्हणतात." मी मास्तरकी केली. म्हटलं, कॅप्टन, राकसकोपचं पाणी मार्कंडेयतून गोकाककडं जातं, घटप्रभेला मिळतं, तिथून कृष्णेला, आणि पार बंगालच्या उपसागरात. पश्चिमेचा समुद्र एवढा जवळ असून आपलं पाणी त्याच्याकडं पाठ फिरवून जातं. कॅप्टननी टोपी सारखी केली. "पाणी चुकलं, मास्तर. मी न्हाई चुकलो."

मागच्या मे महिन्यात गावचा एक पोरगा मोठ्या प्रवासी जहाजावरून आठ महिन्यांनी घरी आला. पोरानं अर्धं जग पालथं घातलेलं. पार भरला. मला कॅप्टनची धास्ती वाटू लागली. आज टोपी उतरणार असं दिसत होतं. लोकांनी विचारलं, "समुद्र कसा असतोय रे?"

पोरगा खाली बघत म्हणाला, "किचन खालच्या मजल्यावर हाय. बटाटे सोलूलालो की आठ महिने. वर जायला सोडत न्हाईत."

पार गप्प झाला. बटाटे काय, बेळगुंदीतही सोलता आले असते. कॅप्टननी खाकरून घसा साफ केला आणि आग्वादपासून सुरुवात केली. लाट मागच्या वर्षीपेक्षा दोन फूट उंच झाली होती. मासे मोठे झाले होते. कुंदा आता तीन किलो होता. हे शंभरदा ऐकलेले लोक सवयीनं मान हलवत होते. हिशेबाची वही माझ्या घरी आहे. मी काही बोललो नाही. तो पोरगा मात्र हळूहळू पुढं सरकला आणि कॅप्टनच्या अगदी पायाशी येऊन बसला.

"नांगर टाकताना आवाज कसा येतोय, मामा?" त्यानं विचारलं. "आम्हाला खाली नुसतं हादरल्यागत व्हतंय."

कॅप्टननी आयुष्यात पहिल्यांदा पाणी न घालता उत्तर दिलं. "खळाखळा," ते म्हणाले. "आडात पोहरा सोडल्यागत."

पोरानं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात काकूंची हाक आली, ट्रॅक्टर आलाय, उजेड आहे तोवर नांगरून घ्या. कॅप्टन उठले.

"मग पुढं?" पोरगा म्हणाला.

"पुढचं उद्या," कॅप्टन म्हणाले. "आता खरा नांगर हाय."