तुम्ही या बघून

सहलीला निघालेल्या कुठल्याही कुटुंबात एक बसणारा माणूस असतो. पुढे धावणारे, फोटोसाठी खोळंबा करणारे, अकरालाच भूक लागणारे दर सहलीत बदलतात. बसणारा बदलत नाही. वेरूळला कैलास लेण्याच्या बाहेर झाडाखाली, रायगडावर रोपवेच्या स्टेशनात, महाबळेश्वरला प्रत्येक पॉइंटच्या जरा अलीकडे तो तुम्हाला दिसलेला आहे. ‘तुम्ही या बघून, मी बसतो. पिशव्या ठेवा इथंच.’ आमच्याकडे हे खातं माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे आप्पांकडे आहे आणि बार्सिलोनातही त्यांनी ते सोडलं नाही.

गुडघ्यांचा वगैरे प्रश्न नाही. आप्पा पनवेलला रोज सकाळी चार किलोमीटर चालतात. फक्त, बघण्यासारखं जे असेल ते आपल्यासमोरून जाईलच, असा त्यांचा विश्वास आहे. त्यात बार्सिलोनात खिसेकापू फार, असं सासूबाईंना कुणीतरी सांगितलेलं. त्यामुळे पिशवी सांभाळणं या साध्या कामाला एकदम संरक्षण खात्याचा दर्जा आला. पिशवी बस्त्याच्या दुकानातली, कापडी. आत तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू, दोन स्वेटर आणि सगळ्यांचे पासपोर्ट. आप्पा बाकावर बसले, की पिशवीचा बंद आधी डाव्या पायाला दोन वेढे घेऊन गुंडाळत. चोराला पिशवी न्यायची तर आप्पांसकट न्यावी लागली असती.

सकाळी ला रांब्ला. सव्वा किलोमीटरचा हा गजबजलेला रस्ता आम्ही वरून खाली तुडवला, मधे बोकेरिया मंडईत फळांचे पेले घेतले. खाली बंदराशी साठ मीटर उंच स्मारकाच्या टोकावर कोलंबस उभा आहे, समुद्राकडे बोट दाखवत. आप्पांनी पायथ्याशी बसकण मारली आणि वर बघून म्हणाले, ‘हाच ना तो, आपल्याकडे यायला निघाला आणि भलतीकडे गेला? काय जावईबापू?’ मी मेट्रोत एकदा उलट्या दिशेची गाडी पकडली होती, त्याला जेमतेम दोन तास झाले होते.

साग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट ठरल्या वेळेचं असतं, म्हणून आम्ही पळत गेलो. आप्पा समोरच्या बागेत, तळ्याकाठी. बांधकाम १८८२ साली सुरू झालं, पुढच्या वर्षी वास्तुकार गौदीनं ते हाती घेतलं आणि अजून क्रेन उभ्या आहेत, हे मी त्यांना सांगितलं. अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी राहिलेला माणूस गप्प कसा बसणार? ‘म्हणजे ओसी नाहीच.’

दीड तासानं, रंगीत काचांतून पडणारा उजेड डोळ्यांत घेऊन, आम्ही बाहेर आलो. आप्पांच्या शेजारी त्यांच्याच वयाचे एक स्थानिक आजोबा शेंगदाण्याचा लाडू खात बसले होते. आप्पा मराठीत बोलत होते, आजोबा कातालानमध्ये, आणि दोघांचंही एकमेकांशी एकमत होतं. एवढ्या वेळात आप्पांना स्वच्छतागृह कुठं आहे ते कळलं होतं, इथं दुपारचं जेवण उशिरा असतं हे कळलं होतं, आणि आजोबांच्या सुनेचं काय बिनसलंय तेही. आम्हाला मनोऱ्यांची संख्या कळली होती.

संध्याकाळी पार्क ग्वेल. आप्पा नेहमीप्रमाणे फाटकाशी थांबणार होते, पण बायको म्हणाली, ‘बाबा, आत बघायला जायचंय ते बाकच आहे.’

आप्पा आत आले.

गच्चीच्या कडेनं सापासारखं वळत गेलेलं ते बाक. फुटक्या रंगीत टाइल्सच्या तुकड्यांनी मढवलेलं. आणि बसायला जागा नाही, कारण जो तो त्यावर फोटो काढत होता. मुलं चिडचिडली होती, सासूबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता. एक फट मोकळी झाली तसे आप्पा बसले आणि तळवा त्या तुकड्यांवरून फिरवू लागले. निळा, पिवळा, मग एक फुलं काढलेला. बहुधा कुठल्यातरी बशीचा. ‘हे तर आपल्या गच्चीवरचं चायना मोझॅक. गळत नाही?’

गळत नाही, गच्चीवरचं पावसाचं पाणी खालच्या खांबांच्या पोटातून टाकीत जातं, असं मी वाचून सांगितलं. मग हेही सांगितलं, की ही मुळात साठेक प्लॉटची श्रीमंतांची कॉलनी व्हायची होती, बांधली गेली दोनच घरं आणि त्यातलं एक शेवटी गौदीनंच विकत घेतलं.

‘बिल्डरलाच घ्यावं लागलं!’ आप्पांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदाच प्रवाशाचा उत्साह दिसला. त्यांनी पायाचे वेढे सोडले, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

‘तुम्ही दमलाय. बसा. मी खालचे खांब बघून येतो.’

खाली शहाऐंशी खांब आहेत. पन्नास मिनिटं झाली तरी आप्पा येईनात, म्हणून बायकोनं फोन लावला. रिंग माझ्या मांडीवरच्या पिशवीत वाजली.