विनोदाची नीतिमत्ता : एक हातोडाशास्त्रीय विवेचन

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात नीतिमत्ता नेमकी कोठे वास करते, या प्रश्नावर विचारवंतांनी आजवर पुष्कळ शाई खर्च केली असली, तरी तिचा पक्का पत्ता शोधून काढण्याचे श्रेय मुंबईतील खार उपनगरातल्या एका बेताच्या आकाराच्या मंचालाच द्यावे लागेल. ‘द हॅबिटॅट’ नावाच्या या मंचावरून २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत दोन वाद पेटले आणि त्या दोहोंच्या तुलनेतून नीतिशास्त्राला एक नवी शाखा लाभली, जिला सोयीसाठी हातोडाशास्त्र म्हणता येईल. एखाद्या वाक्याचे मूल्यमापन त्यातील शब्द, हेतू किंवा सत्यता यांवरून न करता, ते ज्याला लागले त्याच्या दिमतीला किती माणसे आणि किती अवजारे आहेत यावरून करणे, हे या शास्त्राचे आद्य सूत्र होय.

पहिला वाद ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या यूट्यूबवरील कार्यक्रमाचा होता. या मंचावर चित्रित झालेल्या एका भागात पाहुणे परीक्षक रणवीर अलाहाबादिया यांनी स्पर्धकाला त्याच्या आईवडिलांच्या शरीरसंबंधांविषयी जो प्रश्न विचारला, तो विनोदात जमा करायचा तर विनोदाची व्याख्याच बरीच सैल करावी लागली असती. फेब्रुवारीत तो भाग प्रसारित होताच मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत तक्रारी दाखल झाल्या, संसदेत विषय निघाला, कार्यक्रमाचे कर्ते समय रैना यांनी सगळे भाग काढून टाकले, आणि १८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबादिया यांना अटकेपासून अंतरिम संरक्षण देता देता त्यांच्या भाषेवर असे ताशेरे ओढले की त्यापेक्षा अटक परवडली असे एखाद्यास वाटावे. संस्कृती धोक्यात आल्याबद्दल निरनिराळ्या पक्षांच्या नेत्यांचे दुर्मीळ एकमत झाले. तथापि एवढ्या संतापातही मंचाची मोडतोड झाली नाही, ही नोंद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मातापित्यांच्या अब्रूची शाखा कोणत्याही नाक्यावर नसते, हे त्याचे कारण असावे.

दुसरा वाद महिनाभराने उद्भवला. नेपथ्य आणि सहपात्रे यांचा आधार न घेता, एकट्याने माइक धरून प्रेक्षकांशी थेट बोलण्याच्या ज्या विनोदप्रकाराला ‘स्टँड-अप’ म्हणतात, त्यात राजकीय टीकेसाठी ओळखले जाणारे कुणाल कामरा यांचा ‘नया भारत’ हा कार्यक्रम २३ मार्चला यूट्यूबवर आला. त्यात एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी राज्यातील एका नेत्याचे नाव न घेता वर्णन केले, ज्यात ठाणे, रिक्षा, दाढी, चष्मा आणि ‘गद्दार’ या गोष्टी होत्या. हे वर्णन तत्कालीन उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचेच असल्याचा निर्वाळा प्रथम त्यांच्या समर्थकांनी दिला. बदनामी, म्हणजे ओळखू येणाऱ्या व्यक्तीची प्रतिष्ठा खाली आणणारे विधान, सिद्ध करायची तर ते विधान कोणाला लागू पडते हे आधी दाखवावे लागते. विनोदकाराने मोकळी सोडलेली ही जागा फिर्यादी पक्षाने इतक्या तत्परतेने भरून दिली की त्या विडंबनाचे निम्मे मानधन त्यालाच मिळायला हवे होते. आक्षेपार्ह ठरलेला ‘गद्दार’ हा शब्दही नवा नव्हता. जून २०२२ मध्ये शिंदे यांच्या बंडाने शिवसेना फुटल्यापासून तो प्रचारसभांत आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवर अखंड वापरात होता, फक्त तेथे त्याला राजकीय भाष्य म्हणत आणि खारमध्ये त्याला संस्कृतीवरील आघात म्हटले गेले.

त्याच रात्री शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मंचावर येऊन खुर्च्या आणि सामान यांच्याशी वैचारिक मतभेद व्यक्त केले. त्यांपैकी बारा जणांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला, मुंबई महापालिकेचे कर्मचारी हातोडे घेऊन तेथे पोहोचले, कारण मंचाच्या आवारातील काही भाग अनधिकृत असल्याचे प्रशासनाच्या लक्षात आले होते. आईवडिलांविषयीच्या प्रश्नाने महिनाभर देश ढवळून निघत असताना हे बांधकाम कोणाच्या डोळ्यांत खुपले नव्हते. एका गाण्याने ती दृष्टी दिली, यावरून विडंबनाचे नागरी प्रशासनातील योगदान लक्षात यावे. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यामुळे महापालिकेचा कारभार तेव्हा तीन वर्षे राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता, त्यामुळे हातोड्याला मतदाराचे तोंड पाहण्याची गरजही नव्हती. योगायोग असा की समाजमाध्यमांवरील त्रासदायक मजकुराबद्दल तुरुंगात धाडण्याची सोय करणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्दबातल ठरवले होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या त्या निकालाची दशकपूर्ती मुंबईत अशा रीतीने घणाघाती साजरी झाली.

तात्त्विक बाजूही दुर्लक्षिली गेली नाही. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्वातंत्र्य आणि स्वैराचार यांतील भेद सांगून कामरा यांच्याकडून माफीची अपेक्षा व्यक्त केली. शिंदे यांनी क्रियेला प्रतिक्रिया होते असे सांगून न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला महाराष्ट्रात राजकीय अधिष्ठान मिळवून दिले. त्या नियमात प्रतिक्रिया क्रियेइतकीच असते, म्हणजे गाण्याची प्रतिक्रिया गाणे असायला हवी, हा तपशील मात्र वाटेत गळाला. विधान परिषदेत हक्कभंगाची सूचना दाखल झाली. हक्कभंग म्हणजे सभागृहाच्या किंवा सदस्यांच्या विशेषाधिकारांना बाधा आणल्याचा ठपका. सभागृहाला निर्भयपणे काम करता यावे म्हणून जन्मलेला हा अधिकार गाण्यापासून बचाव करण्यासाठी उपसावा लागला, यावरून त्या गाण्याच्या ताकदीबद्दल सर्वाधिक आदर कोणाला वाटत होता हे उघड होते.

यानंतर प्रश्न उरतो तो भावना मोजण्याच्या मापाचा. २८ मार्चला मद्रास उच्च न्यायालयाने गाण्यावरून दाखल झालेल्या गुन्ह्यात कामरा यांना अटकेपासून अंतरिम संरक्षण दिले, आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये दाखल झालेला गुन्हा रद्द करताना हे माप पुन्हा स्पष्ट केले. बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसावर काय होईल यावरून जोखावा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो अशा दुबळ्या आणि अस्थिर मनाच्या माणसावरून जोखू नये, असा त्याचा आशय आहे. ही कसोटी परकी नाही. नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४० च्या दशकात ती मांडली होती, म्हणजे तिचा जन्म आजच्या महाराष्ट्रातलाच आहे. अडचण एवढीच की खंबीर आणि धीट माणसाचा शोध घेऊ लागल्यास, तो वाघाचे चित्र लावलेल्या फलकाखाली न सापडता, तिकीट काढून मागच्या रांगेत बसलेला, न पटलेल्या विनोदावर न हसणारा आणि कार्यक्रम संपल्यावर मुकाट घरी जाणारा प्रेक्षक म्हणून सापडतो.

इतिहासाने या प्रकरणावर स्वतंत्र विडंबन लिहून ठेवले आहे. बाळ ठाकरे हे ‘फ्री प्रेस जर्नल’मधील व्यंगचित्रकार होते. १३ ऑगस्ट १९६० रोजी त्यांनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले, त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले, आणि त्याच साप्ताहिकाने तापवलेल्या वातावरणातून १९ जून १९६६ रोजी शिवसेना उभी राहिली. व्यंगचित्र म्हणजे माणसाचे नाक, पोट, दाढी, चष्मा यांपैकी जे हाती लागेल ते फुगवून त्याच्या वृत्तीकडे बोट दाखवणे. म्हणून शारीरिक वर्णन हा खालच्या पातळीचा हल्ला ठरवायचा, तर संघटनेच्या जन्मदाखल्यावरच आक्षेप घ्यावा लागेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’तून मोरारजी देसाईंसाठी जी भाषा वापरली, तिच्यापुढे आजचा कोणताही विनोदकार सोवळ्यातला वाटावा, पण त्या भाषेचे मराठी माणसाने कौतुकच केले. याही मागे गेल्यास खाडिलकरांचे ‘कीचकवध’ दिसते. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात लॉर्ड कर्झनचे नाव कोठेही नव्हते, तरी कीचकात प्रेक्षकांना कर्झनच दिसत असे आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. परकीय, जुलमी साम्राज्याच्या भावना दुखावून बंदी येण्यास तीन वर्षे लागली, आणि स्वकीय लोकशाहीत हेच काम एका संध्याकाळी उरकले, ही प्रशासकीय गतिमानतेतील प्रगती नाकारता येणार नाही.

या शास्त्रावर एकाच पक्षाचा हक्क सांगणे मात्र इतरांवर अन्यायाचे ठरेल. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यावरील एक व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल कांदिवलीत नौदलाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. त्याच आठवड्यात महापालिकेच्या हातोड्याने पाली हिल येथील एका अभिनेत्रीच्या कार्यालयाची वाट धरली, आणि ती कारवाई आकसाने केल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये म्हटले. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमावर टाकल्याबद्दल दुसऱ्या एका अभिनेत्रीला महिनाभराहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला. त्या काळात सत्तेत असलेल्यांना २०२५ मध्ये कामरा यांच्या गाण्यात सत्य आणि निर्भयता आढळली, आणि त्या काळात अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी गळा काढणाऱ्यांना मर्यादांची महती पटली. नीतिमत्ता निवडणुकीच्या निकालाबरोबर बाक बदलते, हा हातोडाशास्त्राचा दुसरा सिद्धांत येथे सिद्ध होतो.

विनोदकारांचा वर्गही या विवेचनातून सुटत नाही. या वर्गाला एकाच वेळी दोन सवलती हव्या असतात. टाळ्या मिळाल्या की तो सत्तेला सत्य ऐकवणारा निर्भीड भाष्यकार असतो आणि जाब विचारला की ‘हा तर निव्वळ विनोद होता’ असे म्हणून अंग काढून घेतो. चिथावणी, म्हणजे ऐकणाऱ्याला मुद्दाम डिवचून त्याची प्रतिक्रिया ओढून घेणे, हा आता स्वतंत्र पेशा बनला आहे, कारण यूट्यूबच्या हिशेबात संतापाने पाहणारा आणि आनंदाने पाहणारा यांची किंमत सारखीच असते. ‘नया भारत’ची जाहिरात तोडफोड करणाऱ्यांनी केली तशी कोणत्याही संस्थेला पैसे देऊन करता आली नसती. ‘लेटेंट’ने तर मर्यादा ओलांडणे हेच विक्रीचे वैशिष्ट्य बनवले होते, आणि मर्यादा संपल्यावर ओलांडायला काही उरत नाही हे त्याला उशिरा कळले. राजकीय विनोदाची आणखी एक मर्यादा अशी की तिकीट काढून येणारा प्रेक्षक बहुधा आधीच सहमत असतो. विरोधी मताचा माणूस नंतर येतो, तिकीट न काढता आणि खुर्ची बसण्यासाठी न वापरता.

तरीही या दोन दोषांना तराजूच्या दोन पारड्यांत घालून समान ठरवणे हा आळस होय. अलाहाबादिया यांचा प्रश्न किळसवाणा होता आणि त्याने कोणत्याही सत्ताधाऱ्याला जाब विचारला नाही, तर कामरा यांचे गाणे उद्धट होते, पण त्याचा विषय सार्वजनिक पदावरील व्यक्तीची सार्वजनिक कृती हा होता. नीतिमत्तेने वादात उतरावे ते हा फरक सांगण्यासाठी. उच्चारलेले वाक्य खरे आहे का, ते ज्याच्यावर फेकले त्याला उत्तर देण्याचे बळ आहे का, आणि ते ऐकल्यावर लोक काही नवे पाहू लागतात की फक्त खिदळतात, हे प्रश्न तिने विनोदकाराला जरूर विचारावेत. मात्र हे प्रश्न शब्दांनी विचारायचे असतात. ज्या उपमुख्यमंत्र्याकडे सभा, वृत्तवाहिन्या, प्रवक्ते आणि विधिमंडळातील माइक उपलब्ध आहे, त्याच्या बाजूने खुर्ची फेकली गेली की तो पक्ष वादात हरला असे समजावे, मग मूळ विनोद कितीही सुमार असो.

एप्रिल २०२५ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने कामरा यांची याचिका प्रलंबित असेपर्यंत त्यांना अटक करू नये असा आदेश दिला. त्यांचे गाणे चांगले होते की वाईट, याचा निर्णय न्यायालयाने द्यायचा नसतो, पोलिसांनी तर मुळीच नाही, आणि महापालिकेने फक्त गटारे व रस्ते यांकडे लक्ष द्यावे. तो निर्णय प्रेक्षकाचा असतो आणि तो देण्याची रीत अगदी साधी आहे : पटले तर हसावे, न पटले तर हसू नये, फार झोंबले तर त्याहून चांगले गाणे रचावे. ज्याला यांपैकी काहीही जमत नाही, त्याच्यावर आधी तोडफोडीचा खटला चालावा, आणि सार्वजनिक चर्चेतील नीतिमत्तेवरील त्याचे व्याख्यान त्यानंतर ठेवावे.