शेपटाचा भाव

आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालायची आपली रीत आहे. पाचशे एक, अकराशे एक. आमची आई त्यासाठी देवघरात नाण्यांची वेगळी डबी ठेवायची आणि ऐन मुहूर्ताला त्यात नेमकी दोन रुपयांचीच नाणी निघायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत १६०१ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, तेव्हा तो आकडा वाचून मला गहिवरूनच आलं. सोळाशे कोटी व्यवहाराचे, वरचा एक कोटी शकुनाचा. कार्य सरकारी असलं म्हणून काय झालं, वळण घरचंच आहे.

शेजारच्या काकांना हे मुळीच पटलं नाही. काका मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. अजूनही वाण्याच्या यादीखाली 'मान्यतेस्तव सादर' असं लिहून ती काकूंपुढे ठेवतात, आणि काकू तेलाच्या पिशव्या तिनाच्या दोन करून यादी परत पाठवतात.

"आहेर परक्याला देतात," काका म्हणाले. "इथे परकं कोण आहे, सांगा बरं."

मी सांगायला गेलो आणि तिथेच फसलो. इमारत केंद्र सरकारच्या कंपनीची. तिच्याखालची जमीन राज्य सरकारची. पूर्वी एकदा बोली मागवल्या, तेव्हा पुढे आलेले तिघे म्हणजे आयुर्विमा महामंडळ १२०० कोटी, जवाहरलाल नेहरू बंदर १३७५ कोटी आणि महाराष्ट्र शासन १४०० कोटी. विकणारं सरकार, घेणारं सरकार आणि भाव चढवायला उभी केलेली माणसंही सरकारचीच. आमच्या चाळीत गणपतीच्या नारळाचा लिलाव व्हायचा. त्यातसुद्धा बोली लावणारे निदान दोन वेगळ्या बिऱ्हाडांतले असत.

बरं, १४०० ची बोली सगळ्यांत मोठी होती. दुसऱ्या कुठल्या बाजारात तिथल्या तिथे हातावर हात पडला असता आणि चहा मागवला गेला असता. इथे सगळ्यांत मोठी बोली लावणारा काही वर्षं थांबला आणि मग त्याने स्वतःचीच बोली दोनशे एक कोटींनी मोडली. (पाहा, इथेही वरचा एक आहेच.) शिवाय त्या कंपनीकडून राज्याला २९८ कोटी ४२ लाख रुपये येणं होतं, ते माफ केलं. हे येणं कसलं? अनर्जित उत्पन्नाचं आणि त्यावरच्या व्याजाचं. महसूल खात्याचा हा शब्द मला फार आवडतो. अनर्जित, म्हणजे न कमावलेलं. न कमावलेल्या उत्पन्नावर न मिळालेलं व्याज धरायचं, ते न मागता सोडायचं आणि सोडल्याचं श्रेय मात्र घ्यायचं, असा हा चार ओळींचा ठराव. मार्च २०२४ मध्ये केंद्रानेही होकार दिला. डाव्या खिशातल्या पैशाने उजव्या खिशातली किल्ली विकत घेतली, आणि कोट कुणाचा हे कुणी विचारलं नाही.

कोट आपला आहे. असो.

या इमारतीचं नशीब पत्त्यापासूनच वाकडं. नरिमन पॉइंटला नाव मिळालं ते खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचं. १९२० च्या दशकात बॅकबेचा समुद्र बुजवायची सरकारी योजना निघाली. पैसा पाण्यात घालणे हा वाक्प्रचार तिथे शब्दशः अमलात आला. लोक त्या योजनेला गव्हर्नर लॉइडचा खुळेपणा म्हणू लागले. या योजनेतल्या गैरव्यवहाराच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस म्हणजे हे नरिमन. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, तो ते जिंकले. पुढे स्वातंत्र्य आलं, समुद्र आणखी बुजवला, आणि भराव टाकून तयार झालेल्या जमिनीला भरावातला घोटाळा उघडा पाडणाऱ्याचंच नाव दिलं. सरकारच्या विनोदबुद्धीवर शंका घेणाऱ्यांनी एकदा हा पत्ता पाकिटावर लिहून पाहावा.

त्या भरावावर १९७४ मध्ये हे तेवीस मजले उभे राहिले. आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांच्या नावावर आहे. याच बर्गींनी पुढे फिलिप जॉन्सनबरोबर न्यूयॉर्कमध्ये एटी अँड टी कंपनीची इमारत बांधली, जिचा माथा जुन्या लाकडी कपाटासारखा आहे म्हणून जगभर गदारोळ झाला. मुंबईला मात्र त्यांनी कपाट दिलं नाही. मुंबईला सरळसोट पांढरा मनोरा मिळाला, आणि माथ्यावर धनुष्य ताणलेला, अर्धा घोडा अर्धा माणूस असा तो सेंटॉर. कपाटं आता आपण आपली नेऊ. गोदरेजची, करड्या रंगाची, ज्यांचं एक दार उघडतं आणि दुसऱ्याला लाथ घालावी लागते.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो आत्याला सोडायला. म्हणजे आत्या सांताक्रूझहून उडणार होती, पण तिकिटाचं काहीतरी बघायला आधी इथे यावं लागलं. आमचं सगळं घर आलं होतं, कारण इथे सरकता जिना आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. आईने खाली उभी राहून नऊवारीचा काठ दोन्ही मुठींत धरला, जिन्याला नमस्कार केला आणि डोळे मिटून पाय टाकला. वर पोचल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "उतरताना पण हाच का?" काउंटरवर लाल पगडीचा महाराजा कमरेत वाकून उभा होता. वडिलांना वाटलं आपल्यालाच, म्हणून त्यांनीही त्याला वाकून नमस्कार केला. सरकारी कचेरीत कुणी आपल्यापुढे वाकलेलं त्यांनी आयुष्यात ते एकदाच पाहिलं, आणि तोही पुठ्ठ्याचा होता.

त्या काळच्या एअर इंडियाचा थाट काही औरच. ही इमारत उभी राहायच्या आधीची, १९६७ ची गोष्ट. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायला कंपनीने साल्वादोर दालीकडून रक्षापात्र करून घेतलं. रक्षापात्र म्हणजे ॲश ट्रे. दालीने पैसे नको म्हणून सांगितलं. मोबदल्यात हत्ती मागितला. कंपनीने बंगळूरहून हत्तीचं पिल्लू विमानात घातलं आणि जिनिव्हाला उतरवलं, तिथून ते स्पेनला गेलं. ही हकीकत मी काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तीन निविदा मागवल्या होत्या का?"

हुसेन, रझा, गायतोंडे यांची चित्रं कंपनीने उमेदीच्या वर्षांत घेऊन ठेवली होती. संग्रह हजारोंच्या घरात गेला. नंतर असे दिवस आले की जतिन दास यांना आपलंच एअर इंडियासाठी काढलेलं चित्र २०१७ साली बाजारात फिरताना दिसलं. उडती अप्सरा असा त्याचा विषय. विमानं वेळेवर उडत नव्हती, अप्सरा मात्र उडाली. उरलेला संग्रह पुढे राष्ट्रीय कलासंग्रहालयाकडे सोपवला, हे बरं झालं. नाहीतर गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर एखाद्या विभागाने 'येथे थुंकू नये' लिहून घेतलं असतं.

एक दिवस चेष्टेत बसत नाही. १२ मार्च १९९३ ला या इमारतीच्या खाली मोटारीतला बॉम्ब फुटला. वीस माणसं गेली. इमारत काचा बदलून पुन्हा कामाला लागली, जसं सगळं शहर लागलं.

तिला खरं रिकामं केलं ते बॉम्बने नव्हे, ताळेबंदाने. २००७ मध्ये दोन सरकारी विमान कंपन्यांचं लग्न लावलं. दोन बुडणारी माणसं एकमेकांना बांधली की तरंगतात, असा काहीतरी त्यामागे सिद्धांत असावा. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. मजले भाड्याने लावले. ज्या खिडक्यांतून जग जिंकायचं होतं, त्या खिडक्यांशी बँका आणि इतर कचेऱ्या बसल्या. घरमालक स्वतःचं घर सोडून परगावी राहतो आणि पोटभाडेकरूंच्या भाड्यावर कर्जाचं व्याज भरतो, हे दृश्य गिरगावात जुनं आहे. तिथे त्याला कुणी राष्ट्रीय विमानसेवा म्हणत नाही, एवढंच.

मग कंपनीच विकली. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांच्या हाती गेली. जे. आर. डीं.नी १९३२ मध्ये सुरू केलेली, १९५३ मध्ये सरकारने घेतलेली ती विमानसेवा फिरून घरी आली. विमानं गेली, वैमानिक गेले, महाराजाही गेला. इमारत तेवढी त्या सौद्यात नव्हती. ती सरकारने मालमत्ता सांभाळायला काढलेल्या वेगळ्या कंपनीत ठेवली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं आपण म्हणतो. त्या शेपटाचा भाव १६०१ कोटी.

आता घेणाऱ्याची निकड काय होती तेही बघायला हवं, नाहीतर अन्याय होईल. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. वरचे मजले जळाले, माणसं गेली. खाती पांगली. कुणी गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या आवारात, कुणी आणखी कुठे. जागा हवी होती यात खोटं काहीच नाही. पण त्या आगीचा एक उपयोग मी स्वतः पाहिला आहे. आजोबांच्या सातबाऱ्यावर विठ्ठलचं 'चिठ्ठल' झालेलं, ते दुरुस्त करायला मी एका कचेरीत खेटे घालत होतो. ही कचेरी मुंबईपासून सात तासांवर. तिथल्या भाऊसाहेबांनी एक दिवस मान वर न करता सांगितलं, "तुमची फाइल आगीत गेली." मी म्हटलं, आग तर मंत्रालयात लागली. ते म्हणाले, "मग, तिकडेच पाठवली होती." पावती मागितली. तीही आगीत गेली होती. आजोबा अजून चिठ्ठलच आहेत.

आग २०१२ मध्ये लागली, जागा २०१३ मध्ये मोकळी व्हायला लागली, आणि दोन्ही इमारती इतक्या जवळ की मंत्रालयातून निघालेल्या शिपायाचा तंबाखूचा बार संपायच्या आत तो तिथे पोचावा. एवढं अंतर कापायला निर्णयाला अकरा वर्षं लागली. काकांना मात्र हा वेळ बेताचाच वाटतो. "मधे निवडणुका किती झाल्या ते बघा," ते म्हणाले. "प्रत्येक नवीन सरकारला मागच्या सरकारची टिपणी वाचायलाच वर्ष जातं. पहिल्या पानावर 'चर्चा करावी' असा शेरा असतो. चर्चा करायची कुणाशी? शेरा मारणारे साहेब बदलून गेलेले."

परवा संध्याकाळी काकांना घेऊन तिथे गेलो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो, चणे घेतले. काकांनी खिशातून पेन काढलं आणि चण्याच्या पुडीच्या कागदावर मजल्यांची वाटणी करायला घेतली. सर्वांत वर मंत्र्यांची दालनं, कारण समुद्र तिथून चांगला दिसतो. त्याखाली सचिव, उपसचिव, अवर सचिव, जसजसा समुद्र कमी होत जाईल तसतसे. कक्ष अधिकाऱ्यांना मागची बाजू. समुद्राच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवायच्या, कागद उडतात. सरकत्या जिन्यापाशी पाटी लागेल, 'जिना दुरुस्तीसाठी बंद आहे, जिन्याचा वापर करावा'. अभ्यागतांची रांग फुटपाथवर. दुपारी दोननंतर प्रवेश, त्याआधी माणूस फक्त उन्हात उभा राहू शकतो. २०१८ मध्ये मंत्रालयात जीव द्यायला आलेल्यांसाठी जाळी बांधावी लागली होती. इथे किती मजल्यांना जाळी लागेल, याचा हिशेब काकांनी सुरू केला आणि मधेच पेन थांबवलं. ते खोडलं नाही, पण पुढेही लिहिलं नाही.

"आवक-जावक कुठे ठेवता?" मी विषय बदलला.

"तळमजल्याला. तिकडेच ठेवतात. आणि भंडार तळघरात. इमारत ताब्यात घेताना जडवस्तूंची नोंदवही मिळवून बघावी लागेल. पंखे किती, टेबलं किती, मोडके किती. एकेक नग मोजून." काकांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. मग ते जरासे अडखळले.

"तो हत्ती."

"त्याचं काय?"

"त्याची नोंद कुठल्या वहीत केली असेल हो?"

मी जरा विचार करून म्हटलं, "देशाबाहेर गेला म्हणजे जावकला असेल."

काकांनी पुडीतले शेवटचे चणे तोंडात टाकले आणि समोरच्या तेवीस मजल्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

"जावकला असेल, ते ठीक आहे," ते म्हणाले. "पोच आली का पण?"