कुठून बसलात?

धाकटी डहाणू मच्छीमारांची. इथे होडीत चढायचं ते मासळीसाठी. हवा खायला म्हणून कोणी खोल समुद्रात जात नाही. म्हणून मी ‘जरा लोकलने चर्चगेटला जाऊन येतो’ म्हटलं की घरचे आधी विचारतात, ‘कोण आजारी आहे?’ आमच्याकडे मुंबईला जायचं ते दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, फार तर लग्नासाठी.

पण मला ती गाडीच बघायची असते. डहाणू रोड ते चर्चगेट, सुमारे १२४ किलोमीटर, आणि म्हणायचं तरी लोकलच! २०१३च्या एप्रिलपर्यंत लोकल विरारला थांबायची. कारण डोक्यावरच्या तारेत होतं. विरारपर्यंत १५०० व्होल्टचा डीसी, पुढे २५ हजारांचा एसी. सगळीकडे एकच वीज झाली तेव्हा कुठे शहरातली गाडी आमच्या चिकूच्या वाड्यांपर्यंत आली. तोवर आमची भिस्त शटल आणि मेमूवर.

वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर... सफाळ्याला भाज्यांच्या पाट्या चढतात. उन्हाळ्यात एखादी मावशी ताडगोळे घेऊन बसते, आणि अंगठ्याच्या नखाने साल कशी अलगद सुटते ते बघण्यात वैतरणा कधी येते कळत नाही. खाडीच्या पुलावर गाडीचा आवाज एकदम पोकळ होतो. दारातली पोरं तेवढ्यापुरती मोबाइल खिशात घालतात. नंतर विरार. तिथून पुढचं काय सांगायचं? कोपर आणि फक्त कोपर.

चर्चगेटला मी उतरत नाही. परतीचं तिकीट खिशात असतंच. गाडीला विरारची पाटी लागते आणि ती थांबायच्या आत पोरं उड्या मारून आत घुसतात. परवा एकजण खिडकीवर झेपावला, तर तिथे मी.

‘काका, कुठून बसलात? दादर?’

‘डहाणू.’

तो गप्प. दादर-मुंबई सेंट्रलहून उलटं येऊन जागा धरणारे त्याने पाहिले होते.

‘सीटसाठी? डहाणूहून?’

मी खुलासा करणार होतो. पण त्याने शेजारच्याला कोपराने ढोसून माझ्याकडे बोट दाखवलं, आणि दोघांच्या नजरेत असा काही आदर दिसला, की मी खिडकीबाहेर बघत नुसती मान हलवली.